तपासणीला रात्री या

प्रति,
मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई



आपला विभाग 3 डिसेंबर 2022 रोजी स्वतंत्र झाला. दिव्यांगांसाठी वेगळा विभाग काढणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्या मागणीमागे अचलपूरचे तेव्हाचे आमदार बच्चू कडू यांनी किती जोर लावला होता, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे अचलपुरातून आलेलं पत्र आपण परक्याचं समजणार नाही, अशी आशा आहे. मी नोकरीची सगळी वर्षं सरकारी दवाखान्यांत परिचारिका होते आणि आता निवृत्तीनंतर परतवाड्याला राहते. ज्यांना कोणी नाही, ज्यांना आपलं दुखणं सांगता येत नाही आणि ज्यांना मरेपर्यंत दुसऱ्याच्या हातानं जेवायचं आहे, अशी माणसं आपण ज्या निवासी संस्थांत ठेवतो, त्या संस्थांची परीक्षा कशी घ्यावी याविषयी मला लिहायचं आहे.

आमच्या तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी वझ्झर आहे. शंकरबाबा पापळकरांचं अंबादासपंत वैद्य बालगृह तिथलंच. स्टेशनवर, बसस्टँडवर, उकिरड्यावर टाकून दिलेली, पोलिसांनी उचललेली आणि बालकल्याण समित्यांनी पाठवलेली सव्वाशेच्या घरातली मुलं तिथं वाढली. कोणी अंध, कोणी मूकबधिर, कोणी मतिमंद, काही एकाच वेळी सगळंच. त्यांच्या कागदपत्रांवर वडिलांच्या जागी शंकरबाबांचं नाव आहे. तिथल्या उजाड टेकडीवर या मुलांनी हजारो झाडं लावली आणि जगवली. तिथल्या मुलींची लग्नं झाली, त्यांतल्या एकीचं कन्यादान डिसेंबर 2020 मध्ये नागपुरात राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी केलं. 2024 साली बाबांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा परतवाड्यात लोकांनी एकमेकांना पेढे दिले.

शंकरबाबा अनेक वर्षं सरकारकडे एकच गोष्ट मागत आहेत. अनाथ दिव्यांग मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून संस्थेबाहेर काढू नका, त्याच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा करा. बाल न्याय अधिनियम, 2015 प्रमाणे अठराव्या वर्षी बालकाचं बालकपण संपतं. त्यापुढे अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यावरच्या आधाराची, सोय आहे, पण ती साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत आणि तीही स्वतःच्या पायावर उभं राहू शकणाऱ्यासाठी. ज्याला स्वतःच्या तोंडावरची माशी उडवता येत नाही, तो अठराव्या वाढदिवसाला कुठे जाणार? बाबांची मागणी शंभर टक्के न्याय्य आहे आणि ती आजवर मान्य व्हायला हवी होती. त्याबद्दल माझ्या मनात तिळभरही शंका नाही.

पण ही मागणी मान्य होईल तेव्हा त्याच कागदावर आणखी एक गोष्ट लिहिली जावी, म्हणून हे पत्र. आजन्म आसरा म्हणजे जन्मभर एकाच छपराखाली, त्याच चार माणसांच्या हाती. तिथून उठून जाता येत नाही. मुलगा भेटायला येत नाही, शेजारी विचारत नाही, तक्रार करायला जीभ नाही. ते छप्पर चांगलं असेल तर ते घर आहे. वाईट असेल तर ती जन्मठेप आहे, आणि ती भोगणाऱ्यानं कोणताही गुन्हा केलेला नाही. म्हणून आजन्म पुनर्वसनाच्या कायद्यात आजन्म तपासणी असलीच पाहिजे, आणि ती आज होते तशी नको.

आज होते ती कशी, हे आपल्या अधिकाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तपासणीची तारीख आधी कळते. फिनेलचा वास येतो, चादरी बदलतात. हजेरीपट, साठा नोंदवही, आहारतक्ता टेबलावर ओळीनं मांडले जातात, चहा येतो, सह्या होतात. नोकरीत असताना एका संस्थेतली आया (संस्थेचं नाव मी लिहीत नाही) मला म्हणाली होती, “सायेब येनार असले का पोराइले नवे कपडे भेटते बाई, मंग पेटीत जाते.” ते ऐकल्यापासून कोणत्याही संस्थेतले स्वच्छ कपडे पाहून मला समाधान वाटत नाही.

कागदावर भागवलेल्या तपासणीची किंमत या राज्यानं मोजलेली आहे. 2010 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात कवडास इथल्या मतिमंद मुलांच्या संस्थेत मुलं दगावल्याच्या बातम्या आल्या. मुंबई उच्च न्यायालयानं त्यांची स्वतःहून दखल घेतली आणि राज्यातल्या अशा सगळ्या संस्थांच्या पाहणीसाठी डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती कामाला लागली. पुढच्याच वर्षी पनवेलजवळच्या एका बालगृहातल्या मतिमंद मुलींवरचे अत्याचार बाहेर आले. 2013 साली सत्र न्यायालयानं त्या संस्थेच्या चालकालाच दोषी ठरवलं. बिहारमध्ये 2017-18 साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटानं शंभराहून अधिक निवासी संस्थांचं सामाजिक अंकेक्षण केलं, तेव्हा मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातले अत्याचार उघडे पडले. त्या बालिकागृहातही सरकारी माणसं येत-जात होती आणि अनुदान नियमित मिळत होतं. कोशिशच्या कार्यकर्त्यांनी मात्र तिथं राहणाऱ्या मुलींशी बोलायला वेळ दिला. मला यातून एवढंच दिसतं की तपासणी करणारा कोणाशी बोलतो, यावर सगळं अवलंबून आहे. तो अधीक्षकांशी बोलला तर अधीक्षकांचं घर दिसेल.

न बोलणाऱ्याशी कसं बोलायचं, असा प्रश्न आपले अधिकारी विचारतील. त्याचं उत्तर परिचारिकेजवळ आहे. शरीर बोलतं, फक्त ते पाहण्यासाठी चादर उचलावी लागते.

अंथरुणावर पडून असलेल्या माणसाला कुशीवर वळवून माकडहाड, खुबे आणि टाचा पाहाव्यात. तिथं लाली दिसली तर बोटानं दाबून सोडावं. क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर कातडी अजून शाबूत आहे. दाबूनही लालच राहिली तर इजा सुरू झालेली आहे, आणि तिथला भार हटवला नाही तर जखम होणार. ही जखम एका रात्रीच्या आळसानंही सुरू होऊ शकते. दर दोन तासांनी कूस बदलली जाते असं नोंदवहीत लिहिणं सोपं असतं, पण माकडहाडावरची जखम नोंदवही वाचत नाही. अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात असताना निवासी संस्थांतून आलेले काही रुग्ण मी पाहिले. त्यांच्या कागदपत्रांत दोष नव्हता आणि पाठीत बोट जाईल एवढं भगदाड होतं.

मग भरवणं. मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलाला नीट भरवायचं तर त्याला उठवून बसवावं लागतं, मान सावरावी लागते, एकेक घास गिळला की नाही ते बघावं लागतं. एका ताटाला अर्धा तास सहज जातो. आता एका आयेकडे अशी पंधरा मुलं असतील तर काय होईल, याचा हिशेब आपणच करावा. ती त्यांना आडवंच ठेवून पातळ खिचडी घशात ओतणार. ती दुष्ट नसते, तिला दोनच हात असतात. ते अन्न श्वासनलिकेत जातं, छाती भरते, ताप येतो, आणि मृत्यूच्या दाखल्यावर ‘न्यूमोनिया’ लिहिलं जातं. तपासणी अधिकाऱ्यानं संस्थेतल्या गेल्या पाच वर्षांच्या मृत्यूंची यादी मागावी आणि त्यात हा शब्द किती वेळा येतो ते मोजावं. त्याच दिवशी जेवणाच्या वेळेला तिथं उभं राहून किती हात किती तोंडांना भरवतात तेही मोजावं. या दोन आकड्यांतून त्या संस्थेचं जे सत्य कळेल ते दुसऱ्या कशातूनही कळणार नाही.

वजनाचंही तसंच. मेळघाट आमच्या उशाशी आहे. धारणी-चिखलदऱ्यातल्या बालमृत्यूंनी नव्वदच्या दशकात सगळ्या देशाचं लक्ष वेधलं, आणि तेव्हापासून अंगणवाडीतला वजनकाटा हा आमच्याकडच्या आरोग्य व्यवस्थेचा सर्वांत खरा साक्षीदार ठरला. मूल जेवतं असं आई म्हणते, सेविका म्हणते, अहवालही म्हणतो, पण काटा जे आहे ते सांगतो. मग चाळीस वर्षांच्या बौद्धिक दिव्यांग माणसाचं वजन दर महिन्याला का घेतलं जाऊ नये? तो अंगणवाडीच्या वयाचा नाही म्हणून? तीन महिन्यांत पाच किलो वजन उतरलं आणि डॉक्टरला दाखवलं नाही, ही माझ्या लेखी अनुदान थांबवून चौकशी करण्याजोगी गोष्ट आहे.

औषधांच्या कपाटाबद्दल दोनच गोष्टी. फिट येणाऱ्याच्या गोळ्यांमध्ये एका दिवसाचाही खंड पडता कामा नये. अनुदान उशिरा आलं म्हणून गोळ्या संपल्या, हे कारण चालणार नाही. आणि रात्रपाळीला एकच माणूस असतो म्हणून सगळ्यांना गुंगीचं औषध, असं कुठे आहे का ते बघावं. डॉक्टरची तारखेसह चिठ्ठी नसलेली झोपेची प्रत्येक गोळी ही मारहाणीइतकीच गंभीर मानावी.

मुलींबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. फेब्रुवारी 1994 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. मासिक पाळीत त्यांना स्वच्छता ठेवता येत नाही, असं कारण सांगितलं गेलं. स्त्री संघटनांनी आवाज उठवला तेव्हा त्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्यात सामील असलेले लोक आपण मुलींचं भलंच करतो आहोत असं मानत होते. मला भीती वाटते ती याचीच. सांभाळणाऱ्याची सोय आणि सांभाळल्या जाणाऱ्याचं हित यांची सरमिसळ इतक्या सहज होते की शिकलेल्या माणसांनाही ती कळत नाही. म्हणून आजची तपासणी करणाऱ्या बाईनं (होय, बाईच हवी) मुलींच्या खोलीत जाऊन विचारावं: पॅड कुठे ठेवता, कोण बदलायला मदत करतं, न्हाणीघराला आतून कडी आहे का, आणि मदतीला पुरुष कर्मचारी येतो का?

आणि रात्र. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 च्या रात्री नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. विदर्भातला कोणताही आरोग्य कर्मचारी ती रात्र विसरू शकत नाही. ज्यांना स्वतः उठून पळता येत नाही त्यांचा जीव रात्रपाळीला जागं असलेल्या माणसाच्या हाती असतो. अग्निशमन यंत्राच्या मुदतीचं लेबल दिवसा पाहता येतं, पण आगीच्या वेळी दाराची चावी कोणाकडे असेल ते रात्रीच कळतं. म्हणून आपल्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे: वर्षातली एक तपासणी न कळवता, रात्री अकरा ते पहाटे चार या वेळेत करा. किती माणसं कामावर आहेत, ओल्या अंथरुणात कोण झोपलंय, कोणाला बांधून ठेवलंय, कुठल्या खोलीला बाहेरून कुलूप आहे, हे सगळं दहा मिनिटांत दिसेल.

अशी खरी तपासणी जगात कुठेच होत नाही असं नाही. अपंगांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारतानं 2007 मध्ये मान्यता दिली. त्याचं सोळावं कलम सांगतं की अशा संस्थांवर स्वतंत्र यंत्रणेची परिणामकारक देखरेख हवी. जागतिक आरोग्य संघटनेनं 2012 साली मानसिक आरोग्य आणि निवासी संस्थांच्या तपासणीची पद्धत तयार केली. तिच्यात राहणारे, नातेवाईक आणि कर्मचारी यांच्याशी वेगवेगळं बोलायचं असतं आणि पथकात अशा आजारातून गेलेली माणसंही असतात. गुजरातमधल्या सरकारी मानसोपचार सेवांत ती वापरली गेली, आणि त्या कामात पुण्याच्या डॉ. सौमित्र पथारे यांचा मोठा वाटा होता. म्हणजे ही विद्या जाणणारी माणसं आपल्या राज्यातच आहेत. इंग्लंडमध्ये वृद्धांच्या आणि अपंगांच्या प्रत्येक निवासी संस्थेला मिळालेली श्रेणी दर्शनी जागी लावावी लागते. येणाऱ्या माणसाला लगेच कळतं की हे घर उत्तम आहे की सुधारणेची गरज असलेलं.

आपला कायदाही अपुरा नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 प्रमाणे नोंदणीशिवाय अशी संस्था चालवता येत नाही, आणि अटी पाळल्या नाहीत तर नोंदणी रद्द करता येते. सातव्या कलमानुसार दिव्यांगाचा छळ होत असल्याचं कळलं तर कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे आमच्याकडे तहसीलदारांना किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांना, कळवू शकतो. अचलपूरच्या तहसीलसमोर चहा पिणाऱ्या शंभर माणसांना हे विचारून पाहा. एकालाही माहीत नसेल, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

इथं आयांच्या आणि मदतनिसांच्या बाजूनं बोललंच पाहिजे. परिपोषण अनुदान महिनोन्महिने थकवायचं, आयेला शेतमजुरीपेक्षा कमी पैसे द्यायचे, तिला कधी प्रशिक्षण द्यायचं नाही, आणि मग तिच्या माणुसकीची परीक्षा घ्यायची, हा अन्याय आहे. जो विभाग तपासणी करेल त्यानं स्वतःची नोंदही त्याच अहवालात करावी: या संस्थेचं अनुदान किती तारखेला देय होतं आणि किती तारखेला मिळालं. संस्थेची चूक आणि सरकारची चूक एकाच कागदावर शेजारी शेजारी दिसू द्या.

आणि आता वझ्झरबद्दल, अतिशय आदरानं. शंकरबाबांनी ऐंशी ओलांडली आहे. त्यांच्यानंतर काय, हा प्रश्न आमच्याकडे प्रत्येकाच्या मनात आहे आणि कोणी तो मोठ्यानं विचारत नाही. मला वाटतं तो विचारणं हीच त्यांच्याबद्दलची खरी आस्था. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये अमरावतीला कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारलं आणि संस्थापक गेल्यावरही ते उभं राहिलं. गाडगेबाबा 1956 साली गेले, त्यांच्या नावानं चालणारी दादरची धर्मशाळा आजही कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. वऱ्हाडाला संस्था टिकवता येतात. पण धर्मशाळेतला रुग्ण बरा झाला की निघून जातो, वझ्झरचा लेक जन्मभर तिथंच असतो. एका माणसाच्या मायेवर सव्वाशे जीवांचं उरलेलं आयुष्य ठेवून शासन निश्चिंत राहिलं, तर तो शासनाचा करंटेपणा ठरेल. बाबांच्या डोळ्यांना जे आपोआप दिसतं, कोण आज जेवला नाही, कोणाची चाल बदलली, कोण रात्री रडलं, ते त्यांच्यानंतर येणाऱ्या पगारी माणसाला दिसावं यासाठी लिहिलेली पद्धत लागते. म्हणून माझी सूचना अशी की ही नवी तपासणी ज्या संस्थांपासून सुरू होईल त्यांत वझ्झर असावं. पद्मश्रीमुळे त्या घराला सूट नको. उलट, तिथं मायेनं जे साधलं त्यातलं काय काय नियमात उतरवता येईल ते तिथं बसून शिकावं आणि उरलेल्या राज्याला सांगावं.

मी मागते ते फार नाही. अमरावती जिल्हा प्रयोगासाठी घ्या. पथकात एक परिचारिका, सांकेतिक भाषा जाणणारी एक व्यक्ती, एक दिव्यांग व्यक्ती आणि एका दिव्यांग मुलाची आई असू द्या. अधिकारी सोबत असावा, पण बोलणं या चौघांनी करावं. दोन भेटी द्या, एक जेवणाच्या वेळी आणि एक रात्री, दोन्ही न कळवता. अहवाल साध्या मराठीत दोन पानांचा असावा आणि तो संस्थेच्या दारावर, तहसील कार्यालयात आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. ज्या संस्थेत त्रुटी सापडतील तिला आधी माणसं आणि पैसे द्या, मुदत द्या, आणि तरीही सुधारणा झाली नाही तर राहणाऱ्यांना चांगल्या ठिकाणी हलवा. फक्त कुलूप ठोकून त्यांना चारशे किलोमीटरवर फेकू नका. त्यांची एकमेकांशी नाती जुळलेली असतात, ओळखीचा हात तुटला की काही जण जेवण सोडतात.

पथकाला परिचारिका कमी पडत असतील तर आमच्या भागात माझ्यासारख्या निवृत्त परिचारिका बऱ्याच आहेत. मानधन नको, गाडीची सोय करा. रात्री कितीही वाजता निघायची आमची तयारी आहे.

पुढचा 3 डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन आणि आपल्या विभागाचा वर्धापन दिन. त्या दिवशी भाषणं होतील, साहित्य वाटप होईल. त्याआधी अमरावती जिल्ह्यातल्या निदान एका संस्थेच्या दारावर पहिला अहवाल लागलेला असावा, एवढं आपण करावं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
परतवाडा, ता. अचलपूर, जि. अमरावती